नऊ सेकंदांचे फोन

"दोन्हीकडं ऐकू येतंय ना?"

कुणालाही फोन जोडून दिला की अक्का एवढं विचारायच्या आणि उत्तर आल्याशिवाय रिसीव्हर खाली ठेवायच्या नाहीत. मग तो साहेबांचा मुंबईचा फोन असो की कँटीनवाल्याच्या मेहुण्याचा. विचारताना त्या डोळे मिटायच्या, मान जराशी डावीकडं झुकवायच्या, आणि दोन्ही बाजूंनी होकार आला की मगच बोलणाऱ्यांना मोकळं सोडायच्या. साहेब कधीकधी वैतागायचे. अक्कांना त्याचं काही वाटत नसे.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याच्या सवयीला सगळे हसतात आणि अडचण आली की त्याच्याच टेबलापाशी जाऊन उभे राहतात. जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ते माणूस म्हणजे अक्का. त्यांचं टेबल यंत्रांच्या हॉलला लागून होतं. यंत्रांना गारवा लागतो म्हणून हॉलमध्ये बाराही महिने थंडी असायची, त्यामुळं अक्का भर मे महिन्यात तपकिरी स्वेटर घालून बसायच्या. दुपारच्या सुट्टीत तशाच बाहेर यायच्या. बाहेर जळगावचा उन्हाळा, झाडाखाली कुत्रीसुद्धा जीभ काढून पडलेली, आणि ह्या बाई स्वेटर घालून डबा खाताहेत. नवीन माणूस थबकून बघायचा. अक्का त्याला कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा तुकडा पुढं करायच्या.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि एका मोबाइल कंपनीत नुकताच लागलो होतो. मोबाइल तेव्हा जळगावात नवा होता. सोन्याच्या पेढ्यांचे मालक, डाळ मिलवाले, एखाद-दुसरा डॉक्टर अशा लोकांकडं तो असायचा, आणि त्यांतले बरेच जण तो शर्टाच्या खिशातून वर दिसेल असा ठेवायचे. मात्र वाजला की तोंड वाकडं करायचे, कारण त्या काळात आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. बोलायला लागलं की मीटर सुरू. त्यामुळं नको असलेला फोन आला की लोक उचलून लगेच कापायचे किंवा उचलायचेच नाहीत. 'मोबाइलवाला फोन कापतो' ही तेव्हा घराघरातली तक्रार होती.

आता ते फोन कसे जोडले जायचे, हे थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. साध्या फोनवरून मोबाइल लावला की तो आधी एक्स्चेंजमध्ये जायचा. तिथून एका केबलनं आमच्या कंपनीच्या यंत्रात यायचा, आणि मग हवेतून ज्याच्या त्याच्या खिशात. त्या केबलमध्ये एका वेळी तीस जणांना बोलता येईल अशी सोय असायची. अक्का त्यांना तीस वाटा म्हणत. कोणत्या वाटेनं किती वेळ बोलणं झालं याची नोंद एक्स्चेंजचं यंत्र ठेवायचं आणि आमचंही ठेवायचं. महिनाअखेरीस दोन्ही नोंदी शेजारी ठेवून जुळवायच्या, म्हणजे कुणी कुणाच्या वाटा किती वापरल्या ते कळायचं आणि त्यावरून दोन्हीकडची बिलं व्हायची. हे जुळवायचं काम आमच्या बाजूनं माझ्याकडं होतं आणि त्यांच्या बाजूनं अक्कांकडं.

एक्स्चेंजमध्ये आम्हा मोबाइलवाल्यांकडं कुणी फार प्रेमानं बघत नसे. त्यांच्या दृष्टीनं आम्ही म्हणजे घरात आलेली सवत. पहिल्या दिवशी मी फायली घेऊन अर्धा तास नुसता उभा होतो. शेवटी अक्कांनी स्वतः उठून शेजारच्या खोलीतून खुर्ची आणली, ती स्वेटरच्या बाहीनं पुसली आणि म्हणाल्या, "बस. फोन लोकांचे आहेत. भांडायचं काम साहेबांचं."

अक्का मूळच्या धुळ्याच्या. विसाव्या वर्षी तिथल्या एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून लागल्या. परगावी फोन करायचा तर आधी तो नोंदवावा लागे, त्या काळातली ही गोष्ट. समोर भोकाभोकांची पाटी, हातात पिना लावलेल्या दोऱ्या, कानावर हेडफोन. प्रत्येक फोनची एक चिठ्ठी करायची: कुणी, कुणाला, किती मिनिटं. धुळ्याचा एक कापसाचा व्यापारी इतका ओरडून बोलायचा, की ह्यांना सुरतेला फोन लावायला तार कशाला लागते, असं सगळ्या मुली म्हणायच्या. अक्का ही गोष्ट सांगताना त्याचा आवाज हुबेहूब काढायच्या आणि हॉलमधला इंजिनिअर दचकून वर बघायचा.

पण त्या चिठ्ठीबद्दल त्या हसत नसत. बोलणं नीट झालं नाही, एका बाजूला ऐकू आलं नाही, तर ऑपरेटर त्या चिठ्ठीवर आडवी रेघ मारायची आणि त्या फोनचे पैसे लागायचे नाहीत. ते ऑपरेटरच्या हातात होतं. अक्का म्हणायच्या, की पूर्वी मधे एक माणूस बसलेलं असायचं. आता दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात आणि रेघ मारायला कुणी नाही.

पुढं ट्रंक बोर्ड बंद झाले. तिथल्या बायकांना कुठं बिलात, कुठं तक्रार खिडकीवर बसवलं. अक्कांना जळगावला आणून ह्या जुळवाजुळवीच्या टेबलावर बसवलं. त्यांचे यजमान धुळ्याला शाळेत मास्तर होते. त्यामुळं त्या सोमवारी सकाळच्या एसटीनं यायच्या, आठवडाभर एका खोलीत राहायच्या आणि शनिवारी परत जायच्या.

काम करायची त्यांची रीत वेगळी होती. मी शेवटचा आकडा आधी बघायचो, तो जुळला की फाईल बंद. अक्का पहिल्या ओळीपासून सुरुवात करायच्या. कडेला भोकं असलेला लांबच लांब कागद टेबलावर पसरायच्या, त्यावर लाकडी पट्टी ठेवायच्या आणि एकेक ओळ खाली सरकवत वाचायच्या. मी एकदा म्हणालो, की बेरीज बरोबर आहे, मग ओळी कशाला वाचायच्या? त्या म्हणाल्या, बेरीज यंत्रानं केली आहे, ती बरोबरच असणार, मी माणसं वाचते आहे. मला तेव्हा ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं. त्यांचं वय तेव्हा जेमतेम पन्नास असेल, पण चोवीस वर्षांच्या माणसाला पन्नासचं माणूस म्हातारंच वाटतं.

वर्षभरात मोबाइलवाले वाढले, तीस वाटा पुरेनात. सारखा 'सर्व लाइन व्यस्त आहेत' असा आवाज यायला लागला. मग दुसरी केबल जोडली. नवी केबल जोडताना दोन्हीकडच्या यंत्रांना वाटांचे क्रमांक सांगावे लागत. त्यांच्या यंत्रात जी चौदावी, ती आमच्याही यंत्रात चौदावीच असली पाहिजे. एक्स्चेंजनं यादी दिली, आणि आमच्या यंत्रात ती मी भरली. काम मनासारखं झालं म्हणून कंपनीच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. माझी नोकरी अजून कच्ची होती, तीन महिन्यांनी पक्की व्हायची होती, म्हणून त्या थापेचं मला फार अप्रूप वाटलं.

त्या महिन्याच्या नोंदी जुळवल्या, तर फरक जवळजवळ शून्य. एरवी थोडंफार इकडंतिकडं असायचंच. दोन्ही साहेब खूश झाले. एकमेकांना न आवडणारी ती दोन माणसं त्या दिवशी एकत्र चहा प्याली. अक्कांनी मात्र सही केली नाही. कागद त्यांनी कपाटात ठेवला आणि म्हणाल्या, मला दोन दिवस द्या.

दोन दिवसांनी मी गेलो, तेव्हा कागदावर जागोजाग पेन्सिलीच्या खुणा होत्या. अक्कांनी माझ्यासमोर पट्टी ठेवली. एकाच घरातून एकाच मोबाइलला लागोपाठ तीन फोन. आठ सेकंद, नऊ सेकंद, नऊ सेकंद. पुढच्या पानावर दुसरं घर, तिथंही तसंच. त्याच्या पुढं आणखी एक.

"नऊ सेकंदांत माणूस काय बोलतो?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, काही नाही, निरोप देतो. त्या म्हणाल्या, निरोप एकदा देतात. तीनदा फोन करणाऱ्या माणसाला समोरचं ऐकू आलेलं नसतं. ट्रंक बोर्डावर असतानाही असं झालं, की लोक लगेच दुसरा फोन नोंदवायचे. मी दोन्ही यंत्रांच्या नोंदी दाखवल्या. दोन्हीकडं फोन लागला होता, उचलला गेला होता, सेकंदसुद्धा सारखे होते. अक्का म्हणाल्या, हो, यंत्रांचं एकमेकांशी जुळलं आहे, माणसांचं जुळलं की नाही ते बघू.

मग आम्ही तपासणी केली. मी माझा मोबाइल घेऊन बाहेर अंगणात उभा राहिलो आणि अक्का आतून एकेका वाटेनं मला फोन लावत राहिल्या. प्रत्येक वेळी तोच प्रश्न, माझा होकार, आणि मग पुढची वाट. नव्या केबलच्या तेरा वाटा झाल्या. चौदाव्या वेळी फोन वाजला, मी उचलला, आणि पलीकडं काहीच नाही. मी हॅलो हॅलो करत राहिलो, शेवटी बंद केला. थोड्या वेळानं अक्का स्वेटरमध्येच अंगणात आल्या. त्यांनाही काही ऐकू आलं नव्हतं. आधी घंटी नाही, मग आवाज नाही, आणि एकदम फोन कापल्याची टूं टूं.

पंधराव्या वाटेचंही तसंच. आणि दोन्ही वाटा एकाच वेळी चालू असल्या, तर त्याहून मोठी गंमत. आम्ही मुद्दाम तसं करून बघितलं. अक्कांनी एका वाटेनं मला लावला, दुसऱ्या वाटेनं त्यांच्या इंजिनिअरनं आमच्या ऑफिसातल्या एकाला लावला. माझ्या कानात इंजिनिअर बोलायला लागला आणि अक्कांना आमच्या ऑफिसातला. तेव्हा मला आठवलं, की गेल्याच आठवड्यात डाळ मिलच्या एका शेठनी तक्रार केली होती. त्यांनी दलालाला फोन लावला, तर एका बाईनं त्यांना येताना मेथीच्या दोन जुड्या आणायला सांगितलं होतं. आम्ही सगळे त्यावर पोट धरून हसलो होतो.

यादी काढली. एक्स्चेंजच्या यादीत चौदा आणि पंधरा आपापल्या जागी होत्या. आमच्या यंत्रात चौदाच्या जागी पंधरा आणि पंधराच्या जागी चौदा. भरताना माझ्याच बोटांनी केलेली अदलाबदल. वर यंत्राची रीत अशी, की जी पहिली वाट रिकामी असेल ती द्यायची. त्यामुळं माणसानं फोन कापला गेला म्हणून लगेच परत लावला, तर त्याला बऱ्याचदा पुन्हा तीच वाट मिळायची.

दुरुस्ती एका मिनिटाची होती. मी अक्कांना हळूच म्हणालो, की मी आता जाऊन नीट करतो, आकडे तर जुळलेले आहेतच, कुणाला काही कळायचं कारण नाही. हे सांगताना आजही मला बरं वाटत नाही. अक्कांनी यादीची घडी घातली. मग म्हणाल्या, की वाटा आत्ताच्या आत्ता नीट कर, आणि परत इथं ये.

मी नीट करून परत आलो, तेव्हा टेबलावर चहा होता आणि चहाशेजारी कोरा कागद.

"मी लिहिलं तर ती तुझ्याविरुद्ध तक्रार होईल," त्या म्हणाल्या. "तू लिही. आधी चहा पी."

मी लिहिलं. चूक कशी झाली, कधीपासून कधीपर्यंत होती, कशी सापडली. 'अक्कांनी शोधली' असं लिहिलं तर त्यांनी ते खोडायला लावलं आणि 'संयुक्त तपासणीत आढळली' असं घालायला सांगितलं. तो शब्द त्यांनीच सुचवला. संयुक्त म्हटलं की साहेब लोकांना बरं वाटतं, म्हणाल्या. कंपनीत मला चांगलंच ऐकून घ्यावं लागलं. नोकरी पक्की व्हायचे तीन महिने सहा झाले. पण नोकरी गेली नाही. आमच्या साहेबांनी नंतर सांगितलं, की हेच एक्स्चेंजकडून कळलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

इथं प्रकरण संपलं असतं. त्या फोनचे पैसे पुढच्या बिलात वजा करायचं दोन्ही साहेबांनी जरा कुरकुरत का होईना, मान्य केलं. पण अक्कांच्या डोक्यातून ते जाईना. एक दिवस डबा खाता खाता त्या म्हणाल्या, की पैशांचं झालं, पण त्या लोकांना अजून वाटत असेल की समोरच्यानं आपला फोन कापला. बापाला वाटत असेल पोरानं कापला. आणि खात्याच्या कागदावरही तेच लिहिलंय, की फोन उचलला आणि नऊ सेकंदांत ठेवला. आपला कागद खोटी साक्ष देतोय.

त्यांनी आपल्या साहेबांकडं सगळ्यांना कळवायची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, की असं कळवायची पद्धत नाही. मग अक्कांनी आपल्या जेवणाच्या सुट्टीत फोन करायला सुरुवात केली. पेन्सिलीच्या खुणांची तीन-चार पानं होती. रोज थोडे थोडे. मी कधीकधी शेजारी बसायचो. आपली ओळख सांगायची, अमुक तारखेला तुम्ही अमक्या नंबरला फोन केला होतात, तो समोरच्यानं कापला नव्हता, आमच्याकडं बिघाड होता, एवढंच. काही लोक म्हणायचे, बरं बरं. काही विचारायचे, की तुम्हाला काय विकायचंय. एक वकील म्हणाले, की हे लेखी द्या. असोद्याच्या एका केळीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, त्या दिवशी नसेल कापला, पण एरवी कापतोच तो. धुळ्याकडच्या एका म्हातारीशी अक्का सरळ अहिराणीत बोलल्या. "माय, तुना आंडोरनी फोन नही कापा. आमना तारमा बिघाड व्हता." मुलानं फोन कापला नव्हता, आमच्या तारेत बिघाड होता, एवढंच ते वाक्य. पलीकडून ती बाई इतकं बोलत राहिली, की अक्कांची सगळी सुट्टी त्यातच संपली.

अमळनेरच्या एका नंबरवर मात्र उलटं झालं. तिथल्या माणसानं अक्कांचं अर्धं ऐकलं, हा आमच्या घरातला मामला आहे, तुम्ही त्यात पडू नका म्हणाला, आणि फोन ठेवून दिला. अक्कांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. मग पट्टी पुढच्या ओळीवर सरकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माणूस अमळनेरहून गाडीनं जळगावला आला. साठीचा, पांढरी दाढी नीट कातरलेली, कडक इस्त्रीचा सदरा. अमळनेरला त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. लोक त्यांना मास्टर म्हणत. आल्या आल्या त्यांनी विचारलं, काल इथून फोन कुणी केला होता?

अक्कांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. हळूहळू त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या धाकट्या भावाचं जळगावला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. वडिलांचं दुकान विकण्यावरून चार वर्षांपूर्वी दोघांचं बिनसलं आणि बोलणं बंद झालं. आता मास्टरांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. बायको म्हणाली, मोठे तुम्ही आहात, तुम्हीच बोलवा. त्यांनी कुणाकडून तरी भावाचा मोबाइल नंबर मिळवला आणि घरच्या फोनवरून लावला. तीनदा लावला, तीनदा कापला गेला. त्यांनी फोनच्या ऑफिसात जाऊन विचारलंही होतं. तिथल्या माणसानं नोंद बघून सांगितलं, की फोन लागला होता, समोरच्यानं उचलून बंद केला. घरी येऊन त्यांनी पत्रिकांच्या यादीतून भावाचं नाव काढून टाकलं. लग्न अकरा दिवसांवर आलं होतं.

अक्कांनी कागद त्यांच्यापुढं पसरला आणि पट्टी त्यांच्या ओळीवर ठेवली. मास्टरांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. मग म्हणाले, "उचलल्याचं तर इथंही लिहिलंय."

"उचलला होता, भाईजान. पण वाट चुकीची जोडलेली होती. तुमचं त्याला ऐकू गेलं नाही, त्याचं तुम्हाला."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, की ती चूक माझी होती, मी यादी उलटी भरली. मास्टरांनी माझ्याकडं बघितलं. रागावतील असं मला वाटलं होतं, पण ते नुसते बघत राहिले. जणू चार वर्षांच्या भांडणात हा कोण पोरगा मधेच उपटला, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग ते अक्कांकडं वळले.

"ऐकू आलं असतं तर तो बोलला असता, हे तुम्हाला काय ठाऊक?"

अक्कांनी कागदावरची पट्टी बाजूला केली. मग म्हणाल्या, "ते मला ठाऊक नाही. ते त्यालाच विचारावं लागेल."

आणि त्यांनी टेबलावरचा फोन त्यांच्याकडं सरकवला. मास्टरांनी हात लावला नाही. खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. अक्कांनी घाई केली नाही. शेवटी ते म्हणाले, की तुम्हीच लावा.

अक्कांनी नंबर फिरवला. पलीकडं उचलल्यावर आपण एक्स्चेंजमधून बोलतोय, अमळनेरहून तुमचे मोठे भाऊ आले आहेत, बोला, असं सांगितलं आणि रिसीव्हर मास्टरांच्या हातात दिला. डोळे मिटले, मान झुकवली, नेहमीचा प्रश्न विचारला. मास्टरांनी तोच पलीकडं विचारला आणि मान हलवली. मग अक्कांनी मला खूण केली आणि आम्ही दोघं यंत्रांच्या हॉलमध्ये जाऊन उभे राहिलो. मधे काच होती. मास्टरांची पाठ तेवढी दिसत होती. सुरुवातीला ती ताठ होती. नंतर ते हळूहळू टेबलावर वाकले, कोपर टेकलं, आणि दुसऱ्या हातानं अक्कांची पट्टी उचलून नुसती फिरवत राहिले. थंडी इतकी होती की मी कुडकुडत होतो. अक्कांनी मला स्वेटर देऊ केला, मी नको म्हणालो. चांगली वीस मिनिटं आम्ही तिथं होतो.

ते काय बोलले, हे आम्हाला कधी कळलं नाही आणि अक्कांनी विचारलंही नाही. बाहेर आलो, तेव्हा मास्टरांचे डोळे लाल होते. एवढंच म्हणाले, की तो दुकान बंद करून स्टेशनवर येतोय, मला आता निघायला हवं. दारापर्यंत गेले, परत आले आणि अक्कांच्या स्वेटरकडं बोट दाखवून म्हणाले, की तुमचं वरून तिसरं बटण लोंबतंय, आज पडेल.

लग्नाला आम्ही दोघं गेलो. पत्रिका धाकट्या भावानं स्वतः एक्स्चेंजमध्ये आणून दिली होती. तो मंडपात गळ्यात रुमाल टाकून वाढप्यांवर देखरेख करत होता, घामाघूम झालेला, आणि दर थोड्या वेळानं मोठ्या भावाला येऊन काहीतरी विचारत होता. बहुतेक गोष्टी विचारण्यासारख्या नव्हत्याच. अक्कांनी जेवताना ते माझ्या लक्षात आणून दिलं. मास्टरांनी जाताना त्यांना मिठाईचा डबा दिला, आणि त्यावर कागदाच्या पुडीत बांधलेली चार तपकिरी बटणं.

पुढं नियम बदलले. आलेल्या फोनचे पैसे लागेनासे झाले. लोक एकमेकांशी तासन् तास बोलायला लागले. घरातले फोन हळूहळू निघून गेले. एक्स्चेंजमधली माणसं कमी झाली. अक्कांनी वेळेआधी निवृत्ती घेतली आणि धुळ्याला कायमच्या राहायला गेल्या. मी कंपन्या बदलल्या, गावं बदलली. धुळ्यावरून गेलो की त्यांच्याकडं जायचो. त्या गच्चीवर वाल, मिरच्या, कढीपत्ता लावायच्या आणि मला पिशवीभर द्यायच्या. जुन्या दिवसांबद्दल फार बोलायच्या नाहीत. माझी पोरं काय करतात, बायकोची बदली झाली का, ह्याचीच चौकशी जास्त. नंतर माझं जाणं कमी झालं. दोन वर्षं तर झालंच नाही. त्याला कारण काहीच नव्हतं, आणि तेच आता लागून राहतं.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं. मी धुळ्याला गेलो. सरांनी दार उघडलं. अक्कांचे यजमान मास्तर होते हे मी सांगितलंच आहे. सगळे त्यांना सर म्हणतात. आता ऐंशीच्या पुढचे. त्यांनी स्वतः चहा केला, मला साखर विचारायला विसरले. आम्ही दोघंही बराच वेळ गच्चीवरच्या वालाबद्दल बोलत बसलो. कोण पाणी घालतं, शेंगा किती येतात. मग सर म्हणाले, "तुम्ही तिच्या ऑफिसातले. मला जरा सांगा, ती तिथं कशी होती? कितीतरी वर्षं सोमवारी गेली आणि शनिवारी आली. घरी आली की ऑफिसातलं काही बोलायची नाही."

मी विचारलं, की अमळनेरचं त्यांनी कधी सांगितलं नाही का? सर म्हणाले, एकदा तिथल्या कुठल्याशा लग्नातली मिठाई आणली होती, एवढंच आठवतंय.

मग मी त्यांना सांगितलं. कागदावरच्या पेन्सिलीच्या खुणा, माझी चूक, तीन-चार पानांचे फोन, मास्टर आणि त्यांचा भाऊ, सगळं. सर मांडीवर हात ठेवून ऐकत होते. वर्गात फळ्याकडं बघणाऱ्या मुलासारखे, एकटक. मधे एकदा त्यांनी विचारलं, की मी कोरा कागद बघितल्यावर रागावलो नाही का. मी म्हणालो, भीती वाटली होती, राग नव्हता. त्यांनी मान हलवली.

माझं सांगून संपलं, तेव्हा ते उठून आत गेले. मला वाटलं, आता निघावं. तेवढ्यात ते सुनेला हाताला धरून बाहेर घेऊन आले. तिचे हात पिठाचे होते. तिला त्यांनी स्वतःच्या खुर्चीत बसवलं, आपण दाराशी स्टूल ओढलं आणि मला म्हणाले, "आता पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

सून पिठाचे हात मांडीपासून जरा लांब धरून बसली. मी पुन्हा सांगायला लागलो.